नालबंद येण्याआधी आणि गेल्यावर

घोडा घेणारा माणूस आधी खोगीर बघतो, मग लगाम, मग नाव काय ठेवायचं यावर घरात आठवडाभर वाद घालतो. खुरांकडे लक्ष जातं ते जनावर लंगडायला लागल्यावर. मग फोनाफोनी: "नालबंद आहे का कुणी ओळखीचा?" वरातीमागून घोडं ही म्हण मी आमच्या इंदुरात शब्दशः घडताना पाहिली आहे. नवरदेव फेटा सावरत ताटकळलेला, बँडवाले घामाघूम, आणि घोडीचा मालक गल्लीच्या तोंडाशी उभा राहून फोनवर नालबंदाच्या विनवण्या करतोय. घोडीचा पुढचा नाल दोन खिळ्यांवर लटकत होता.

२०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकाराचं, सांघिक सुवर्णपदक भारताला मिळालं, त्या चमूत इंदूरची सुदीप्ती हाजेला होती. तेव्हापासून खंडवा रोडवरच्या आमच्या शेडकडे मुलांना घेऊन येणारे आईवडील वाढले. त्यातले एखाद-दोन उत्साहाच्या भरात थेट घोडाच घेऊन टाकतात. मीही अकरा वर्षांपूर्वी अशीच एक मुश्की, म्हणजे काळीभोर घोडी घेतली होती. पुढे एक म्हातारा आख्ता, म्हणजे खच्ची केलेला घोडाही आला. मराठी फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. घोडा विकत घेतलात त्या दिवशी तुम्ही शिलेदार झालात. पागेतलं कुणीतरी बघेल, ही सोय तिथेच संपली.

आधी खूर ओळखा

नालबंदाला फोन करण्यापूर्वी हे करा, म्हणजे तो काय बोलतो ते कळेल. पाय उचलून तळ वर करा आणि साफ करून निवांत बघा. कडेने गोल फिरलेली जाड कड म्हणजे खुराची भिंत. तिच्या आतल्या बाजूने एक पिवळसर-पांढरी बारीक रेघ जाते. रेघेच्या आत खोलगट तळवा. आणि टाचेकडून पुढे निमुळता होत जाणारा, रबरासारखा दबणारा त्रिकोण, त्याला आमच्याकडचे नालबंद पुतली म्हणतात. पुतलीच्या दोन्ही बाजूंना आणि मधोमध खाचा असतात. सगळी घाण तिथेच साठते.

भिंत आपल्या नखासारखी आहे, तिला संवेदना नाही. पांढऱ्या रेघेच्या आत मात्र रक्त आहे, नसा आहेत. ती रेघ म्हणजे खिळ्याची लक्ष्मणरेषा.

भिंत वरच्या केसांच्या किनारीपासून खाली वाढते, महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर. पुढच्या टोकाला किनारीपासून जमिनीपर्यंत पूर्ण नवा खूर यायला ९ ते १२ महिने लागतात. म्हणजे आज कुणी खुराची वाट लावली, तर ती चूक पुढच्या दिवाळीपर्यंत तुमच्यासोबत राहते. हे एकदा डोक्यात बसलं, की "स्वस्तात होतंय ना, मग करून घेऊ" हा विचार आपोआप मागे पडतो.

नाल असला की भिंत झिजत नाही, पण वाढत राहते, आणि वाढताना पुढे सरकते. नालही तिच्याबरोबर पुढे जातो आणि टाचेखालचा आधार कमी होतो. त्याचा ताण पायाच्या मागच्या शिरांवर, म्हणजे कंडरांवर पडतो. बाहेरून पाहिलं तर नाल घट्ट असतो, खिळे जागच्या जागी असतात, आणि नवा मालक म्हणतो, "अजून चाललाय की!" इथेच घोडं पेंड खातं. नाल सुटण्याची वाट बघायची नसते. नाल असेल तर ४ ते ६ आठवड्यांनी, अनवाणी घोड्याला ६ ते ८ आठवड्यांनी नालबंद यायलाच हवा. नाल झिजलेला नसेल तर खूर छाटून तोच परत बसवता येतो.

नाल हवेतच का?

प्रत्येक घोड्याला नको असतात. मारवाडी, काठियावाडी घोड्यांचे खूर बहुधा टणक असतात. मऊ जमिनीवर, हलक्या कामाला ते अनवाणी मजेत राहतात. डांबरावर आणि सिमेंटच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या जनावराची भिंत वाढीपेक्षा जास्त झिजते, तेव्हा नाल लागतो. माझी घोडी पुढच्या दोन पायांत नाल घालते, म्हातारा पूर्ण अनवाणी. हा निर्णय नालबंद आणि डॉक्टर मिळून घेऊ द्या. "शेजारच्या घोड्याला आहेत म्हणून" हे कारण चालत नाही.

शोधायचा कसा

फोन नंबर मिळवणं सोपं आहे, माणूस मिळवणं नाही. शहरातल्या आणि आसपासच्या राइडिंग स्कूलमधल्या मोतद्दारांना, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्यांना विचारा. मालकांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. ते १९५५ पासून आहे, आणि इंदुरातून वीस-पंचवीस किलोमीटरवर घोड्याचा पाय दाखवायची सोय असणं हे आपलं नशीबच. लष्कराच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरमध्ये नालबंदीचं रीतसर शिक्षण देतात. तिथून निवृत्त झालेला कुणी आसपास असेल तर त्याच्या दारात रांग असते, पण रांगेत उभं राहण्यासारखंच ते काम असतं.

नाव मिळालं की त्याने केलेले खूर बघायला जा. मात्र नाल बसवल्याच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी सगळेच खूर देखणे दिसतात, कानस मारून, तेल लावून चकाचक. चार आठवड्यांनी जा. तेव्हा खरं काम दिसतं. खिळ्यांची टोकं अजून बसलेली आहेत का? भिंतीचे टवके उडालेत का? घोडा खडीवर बिचकत चालतोय का? असे तीन घोडे बघितले की तुमचं मत तयार होतं.

जमलं तर त्याला काम करतानाही एकदा बघा. तो आधी घोड्याला चालवून बघतो की थेट पाय उचलतो? घोडा हलला की हातोडीचा दांडा मारतो, की पाय खाली ठेवून पुन्हा उचलतो? जो माणूस पहिल्या मिनिटाला ओठ पिळायची दोरी मागतो, त्याला मी दुसऱ्यांदा बोलावत नाही.

फोनवर सगळं खरं सांगा: वय, जात, काम, शेवटची छाटणी कधी झाली, आणि जनावर लाथ मारतं का. हे शेवटचं लपवणारे लोक आहेत. लपवून होतं काय? येणाऱ्याचा गुडघा जातो आणि तुमचं नाव महूपर्यंत पोहोचतं. पैशांचंही आधीच विचारा. छाटणीचे किती, नवा नाल बसवायचे किती, जुनाच परत बसवला तर किती, जाण्यायेण्याचे वेगळे का.

तुमचं खरं काम: पाय द्यायला शिकवणं

या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण नवे लोक सगळ्यात जास्त इथेच कमी पडतात. घोड्याला शिस्त लावणं नालबंदाचं काम नाही. तो वाकलेल्या अवस्थेत, पाचशे किलोच्या जनावराखाली, हातात धारदार हत्यार घेऊन उभा असतो. त्याने तिथे मास्तरकी करायची अपेक्षा ठेवू नका.

डाव्या पुढच्या पायासाठी डाव्या खांद्यापाशी उभे राहा, तोंड शेपटीकडे. हात खांद्यावर ठेवा आणि पायावरून सावकाश खाली सरकवा. एकदम घोट्याला हात घालू नका. गुडघ्याच्या खाली, मागच्या शिरेला बोटांनी हलका दाब द्या आणि रोज एकच शब्द वापरा. मी "पाय" म्हणते. घोडा वजन दुसऱ्या पायावर टाकतो आणि खूर सुटा होतो. तो तळहातावर घ्या. पहिल्या दिवशी पाच सेकंद पुरे. महत्त्वाचं हे की त्याने ओढून घेण्याआधी तुम्ही स्वतः पाय खाली ठेवायचा, अलगद, जमिनीला टेकवून. धपकन सोडलात तर पुढच्या वेळी तो देणार नाही. त्याने हिसका मारून सोडवून घेतला तर धडा त्याने शिकवला, तुम्ही नाही.

मागच्या पायाला हात पाठीवरून, पुठ्ठ्यावरून खाली न्या. अंग घोड्याच्या अगदी जवळ ठेवा. लांब उभं राहणाऱ्याला लाथ पूर्ण जोराने बसते. पाय बाजूला ओढू नका. मागे, सरळ रेषेत घ्या.

पाच सेकंदांचे दोन मिनिटं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. मग पाय पुढे ओढून धरायची सवय करा, कारण खिळ्यांची टोकं वळवताना नालबंद खूर पुढे घेऊन स्वतःच्या मांडीवर किंवा स्टँडवर ठेवतो. आणि शेवटी ठोकण्याची सवय. मी घरातलं जुनं लाटणं नेलं होतं. रोज चारही खुरांवर टकटक, आधी हळू, मग जरा जोरात. आठवडाभरात घोडी डुलक्या घ्यायला लागली. ते लाटणं सासूबाईंनी परत स्वयंपाकघरात घेतलं नाही ते नाहीच.

म्हाताऱ्या घोड्याची गोष्ट वेगळी. तो पाय देत नाही तेव्हा बहुतेक वेळा आडमुठेपणा नसतो, सांधे दुखत असतात. त्याचा पाय कमी उंचीवर धरायचा, मधेमधे खाली ठेवायचा. आमचे नालबंद चाचा त्याच्यासाठी जमिनीवर बसूनच काम करतात आणि "बुजुर्ग हैं, इज्जत से" म्हणतात.

ज्या दिवशी तो येणार

मे महिन्यात सकाळी सातची वेळ घ्या. दहानंतर इंदूरचं ऊन माणसालाही उभं राहू देत नाही. सावली, सपाट टणक फरशी, भरपूर उजेड, एवढं हवंच. चिखलात किंवा गवतात खूर सपाट झालाय का ते कळत नाही. खूर आदल्या दिवशीच साफ करा आणि कोरडे ठेवा. तो यायच्या आधी पाईपने धुऊन ओलेचिंब पाय त्याच्या मांडीवर देऊ नका. माशा असतील तर औषध फवारून ठेवा. सोबतचा घोडा नजरेआड नेऊ नका आणि चाऱ्याच्या वेळेला काम लावू नका. शेजारी बादल्या वाजत असताना कुठलाही घोडा ध्यानस्थ उभा राहत नाही. मुलं, कुत्री बाहेर. गेटच्या आत मोटरसायकल सुरू करायला मनाई.

घोडा तुम्ही धरा. मोरखी (तोंडावरचा दोराचा किंवा पट्ट्याचा साज) आणि दोरी चांगली असू द्या, दोरी हाताभोवती गुंडाळू नका. नालबंद ज्या बाजूला काम करतो त्याच बाजूला उभे राहा. घोडा बिथरला तर डोकं स्वतःकडे ओढायचं, म्हणजे मागचा भाग त्याच्यापासून दूर वळतो. उलट बाजूला उभं राहून डोकं ओढलंत तर घोड्याचं सगळं वजन त्याच्या अंगावर जाईल. आणि कृपा करून फोन खिशात ठेवा.

काम चालू असताना काय बघायचं

चांगला नालबंद आधी घोड्याला टणक जमिनीवर चालवायला सांगतो, समोरून येताना आणि मागून जाताना बघतो, गरज वाटली तर दुडकीवरही बघतो. मग जुन्या खिळ्यांची वळवलेली टोकं उघडतो आणि नाल टाचेकडून सैल करत काढतो. टोकं न उघडता नुसता नाल उपटला तर भिंतीचे तुकडे त्याच्याबरोबर येतात.

छाटणीत खूप कापणं म्हणजे छान काम नव्हे. तळव्यावर अंगठा दाबल्यावर तो दबला, तर जास्त गेलं. पुतलीच्या लोंबणाऱ्या, सडक्या चिंध्या काढायच्या. तिला कोरून सुबक करायचं नसतं, ती जमिनीला टेकायला हवी. मग खूर जमिनीवर ठेवून बाजूने बघा: घोट्याखालचा उतरता भाग आणि खुराची पुढची कड एकाच रेषेत उतरायला हवेत. मधे मोड दिसला तर विचारा.

आणि आता ती चूक, जी मी सगळ्यात जास्त पाहिली आहे. माणसाकडे एकाच मापाचे तयार नाल असतात. तो नाल ठोकतो आणि बाहेर आलेला खूर पुढून कानसीने घासून नालाच्या मापाचा करून टाकतो. दिसायला झकास. पण भिंतीची जाडी गेली, म्हणजे पुढच्या खेपेला खिळा धरायला जागाच उरत नाही. आमचे चाचा नाल ऐरणीवर ठोकून, खुरावर लावून बघून, परत ऐरणीवर नेतात. एका पायाला चार-पाच फेऱ्या होतात. बघणाऱ्याला कंटाळा येतो, पण पैसे त्या फेऱ्यांचेच असतात.

खिळे साधारण सहा ते आठ. खिळ्याची एक बाजू सपाट असते, दुसरी टोकाशी तिरकी तासलेली, आणि त्याच बाजूला डोकं खरबरीत असतं. डोक्याची खरबरीत बाजू आतल्या अंगाला ठेवली की टोक भिंतीतून बाहेरच्या दिशेला वळतं. ते खुराच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांशावर बाहेर यायला हवं आणि सगळी टोकं जवळपास एका ओळीत. खुराच्या सगळ्यात रुंद भागाच्या मागे खिळे मारत नाहीत, कारण पाऊल टेकलं की टाच किंचित पसरते आणि तिला पसरू द्यायचं असतं. कान दिलात तर आवाजही कळतो. टणक भिंतीतून जाणारा खिळा खणखणीत बोलतो. आवाज मऊ पडला की जाणकाराचा हात थांबतो.

तीन वर्षांपूर्वी चाचांचा हात असाच थांबला. डावा पुढचा पाय, चौथा खिळा. घोडीने पाय झटकला. चाचा तिला ओरडले नाहीत. खिळा ओढून काढला, उजेडात धरला. टोकावर रक्ताचा एक ठिपका होता, मोहरीएवढा. त्यांनी तो मला दाखवला. "दीदी, ये मेरे से गया," एवढंच म्हणाले. भोकात आयोडीन सोडलं, ते भोक रिकामंच ठेवलं, आणि धनुर्वाताची लस कधी दिली ते विचारलं. घोड्यांना धनुर्वात फार चटकन होतो, त्यामुळे लसीची तारीख तुमच्या तोंडावर हवी. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना कळवलं. पुढे काही झालं नाही.

याच्या आधीचा अनुभव वेगळा होता. पहिल्याच वर्षी आलेल्या एकाच्या हाताखाली घोडी दोनदा उडाली. त्याने तिलाच दटावलं, खिळे तसेच वळवले आणि "नाटकं करतेय" म्हणून पैसे घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी तिने पाय टेकायचंच सोडलं. आत पू झाला होता. डॉक्टरांनी तो मोकळा केला आणि तीन आठवडे ती उभी होती. चूक दोघांच्याही हातून झाली. एकाने सांगितली, म्हणून त्याला मी नऊ वर्षं बोलावते आहे.

काम झालं की पुन्हा चालवून बघा, तो जायच्या आधी. वळवलेल्या टोकांवरून बोट फिरवा, टोचता कामा नये. जमिनीवर पडलेले खिळे मोजून उचला.

काळ्या घोड्याच्या नालाचं प्रकरण

ही एक खास आपल्याकडची अडचण. घोडी काळी असल्यामुळे शनिवारी गेटवर कुणी ना कुणी उभं असतं. कुणाला दारावर लावायला नाल हवा, कुणाला अंगठीसाठी खिळा. एकाने तर घालून असलेलाच नाल काढून मागितला, "ताजा" म्हणून. माझा विश्वास असो नसो, जुने नाल मी चाचांनाच देते. त्यांच्या हक्काचे आहेत, त्यांनी काय करायचं ते करावं. फक्त एक पथ्य: मधेच निखळून पडलेला नाल कुणी परस्पर उचलून नेऊ नये. त्यावर किती खिळे आहेत ते बघितल्याशिवाय एखादा पायात तुटून राहिला का, ते कळत नाही.

मधले पस्तीस दिवस

रोज सकाळी आणि काम झाल्यावर खूर साफ करा. हुक टाचेकडून पुढच्या टोकाकडे ओढायचा, उलटा नाही, नाहीतर तो पुतलीत घुसतो. तळहात भिंतीवर ठेवून ऊब बघा, चारही खुरांची. घोट्याच्या मागे, दोन्ही कडांना बोटं ठेवून नाडी शोधा. निरोगी पायात ती मोठ्या मुश्किलीने सापडते. जोरात उडत असेल तर आत काहीतरी पेटलंय. हे घोडा बरा असताना शिकून ठेवा, म्हणजे बिघाड ओळखता येतो. आणि वास घ्या. हो, वास. पुतलीच्या खाचेतून कुजकट वास आणि काळा चिकट द्रव आला, तर सडायला सुरुवात झाली.

"मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी पग-पग नीर" असं माळव्याचं कौतुक आहे. घोड्याच्या पायाला हे पग-पग नीरच नडतं. जून ते सप्टेंबर आपली काळी माती खुरात सिमेंटसारखी भरून बसते आणि पुतली दिवसरात्र ओली राहते. त्यावर बाटलीतल्या औषधापेक्षा मुरूम घालून उंच केलेला, निचरा होणारा कोरडा ओटा जास्त उपयोगी पडतो. दिवसातून काही तास तरी घोडा त्यावर उभा राहिला पाहिजे. सडणं वरवरचं असेल तर खाच साफ करून, पुसून पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावता येतं. खाच खोल असेल, रक्त येत असेल, घोडा टाच टेकत नसेल तर डॉक्टर.

उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, आणि खूरही. वारंवार ओला-कोरडा होण्याने भेगा वाढतात, त्यामुळे रोज पाण्यात उभं करणं हा उपाय नाही. तेलाने खूर चमकतो, वाढत नाही. वाढ खाण्यातून येते. नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याला स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी मिळतं. बायोटिन द्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून द्या, आणि फरक दिसायला महिने लागतात हे लक्षात ठेवा. नवा खूर वरूनच यायचा असतो.

शेडमध्ये एक डबा ठेवा: हुक, ताठ ब्रश, कापूस, आयोडीन, रुंद चिकटपट्टी आणि लहान मुलांचे डायपर. नाल निखळला किंवा तळव्याला इजा झाली तर खूर बांधायला डायपर आणि वरून चिकटपट्टी, याच्याइतकं सोयीचं काही नाही. औषधाच्या दुकानातला मुलगा "बाळ किती महिन्यांचं?" विचारतो. मी वजन सांगते, तो गप्प बसतो.

नालबंद की डॉक्टर?

भिंतीचा टवका, सैल नाल, वर आलेलं खिळ्याचं टोक: नालबंद. अर्धवट लटकणारा नाल काढायचा कसा, हे त्याच्याकडून एकदा त्याच्या देखत शिकून घ्या. तो येईपर्यंत घोडा चालवू नका.

अचानक तीन पायांवर उभा राहिला, खूर गरम, नाडी उडतेय: डॉक्टर. तळव्यात खिळा किंवा तार घुसलेली दिसली तर ती शक्यतो उपटू नका. घोड्याला हलवू नका आणि डॉक्टरांना बोलवा. किती खोल आणि कुठल्या दिशेने गेलीय ते एक्स-रेमध्ये कळतं. ती अजून आत जाण्याची भीती असेल तरच काढा, आणि नेमकी जागा खूण करून ठेवा.

दोन्ही पुढचे खूर गरम, आणि घोडा पुढचे पाय लांब टाकून मागे रेललेला, जणू निखाऱ्यावर उभा आहे: ही तातडीची वेळ. खुराच्या आतल्या, भिंतीला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या पापुद्र्यांना सूज आली आहे. रात्र असली तरी फोन करा. याचं एक कारण आपल्याच पाहुणचारात आहे. लग्नसराईत आणि सणाला घोडी दिसली की लोक प्रेमाने गूळ, लाडू, पोळ्या, भिजवलेले हरभरे भरवतात. दाण्याची पोतडी फोडून पोटभर धान्य खाल्लेल्या घोड्यालाही हेच होतं. दसऱ्याला आम्ही घोड्यांची पूजा करतो, खुरांना हळदकुंकू लावतो, पण नैवेद्य हिरव्या गवताचा आणि दोन गाजरांचा. बाकीचा नैवेद्य माणसांत वाटतो.

असा आजार होऊन गेलेल्या घोड्याचे खूर पुढे डॉक्टर आणि नालबंद दोघांनी मिळून, एक्स-रे समोर ठेवून करायचे असतात. दोघांची गाठ घालून देणं तुमच्याकडे लागलं. एकाचं म्हणणं दुसऱ्याला तुम्ही स्वतःच्या शब्दांत सांगायला गेलात की घोटाळा होतो.

जाण्याआधी

दर खेपेला प्रत्येक खुराचे तीन फोटो काढा: समोरून, बाजूने, तळातून, एकाच फरशीवर, कॅमेरा जमिनीलगत ठेवून. चार खेपांनी ते शेजारी ठेवले की टोक पुढे पळतंय का, टाच दबतेय का, ते न सांगता दिसतं. काही खटकलं तर त्यालाच विचारा, त्याच्यासमोर आणि काम चालू असताना. गेल्यावर ग्रुपवर चर्चा करू नका. "मागच्या वेळी तिसऱ्या आठवड्यात बाहेरची भिंत फुटली, काय करता येईल?" असं विचारलेलं कुणालाही आवडतं. आणि दोन-तीनदा सांगूनही तीच गोष्ट होत असेल तर शांतपणे दुसरा बघा. मात्र दर महिन्याला माणूस बदलू नका. नव्या हाताला तुमचा खूर कळायलाच दोन-तीन खेपा जातात.

पैसे हातावर, त्याच दिवशी. चहा, आणि सकाळ असेल तर पोहे-जिलेबी. चाचा जिलेबी आधी खातात. तोवर मी खडू घेऊन दाण्याच्या खोलीच्या दारावर पुढची तारीख लिहिते, पस्तीसाव्या दिवसाची, आणि त्यांच्याकडून ती मोठ्याने म्हणून घेते. मागच्या वेळी ती नेमकी रंगपंचमीला आली, इंदुरात गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघते त्या दिवशी. "गेर के दिन?" म्हणाले. मग एक दिवस आधीची केली.